हे आधी पाहिलंय का?

मिरजेत डॉक्टर शोधावा लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडून कुठल्याही रस्त्याला लागा, दवाखान्यांच्या पाट्या सुरू होतात. १८९४ मध्ये विल्यम वॉन्लेस या कॅनडातून आलेल्या मिशनरी डॉक्टरांनी इथे रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून बेळगाव, विजापूर, सोलापूर, कोकण अशा चारही दिशांनी माणसं आपली दुखणी घेऊन इथे येत राहिली. तंबोरा घ्यायला आणि ऑपरेशन करून घ्यायला मिरजेला जायचं, हे आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. अशा गावात वाढलेल्या माणसाला वाटतं, की दुखणं कसलंही असो, त्याचा डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर असणारच. माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मिरजेतच झालं, आणि हा भरवसा त्याच दिवशी डळमळला.

मुलीचे दोन्ही पाय घोट्यातून आत वळलेले होते. गुडघे ताठ. कोपरं सरळ, वाकवायला गेलं तरी वाकत नव्हती. खांदे आत फिरलेले, मनगटं खाली मुडपलेली, बोटं तळव्यात मिटलेली. दंडावर, पोटऱ्यांवर मांस असं हाताला लागतच नव्हतं. चेहरा मात्र गोल आणि टवटवीत, आणि कपाळाच्या मधोमध एक फिकट तांबडा डाग. आई म्हणाली, देवीनं कुंकू लावून पाठवलीय. त्या आठवड्यात आमच्या घरात बोललं गेलेलं चांगलं वाक्य तेवढं एकच.

बालरोगतज्ज्ञांनी दुसऱ्या दिवशी कागदावर नाव लिहून दिलं: आर्थ्रोग्रायपोसिस मल्टिप्लेक्स कंजेनिटा. जन्मतःच अनेक सांधे आखडलेले असणं. नाव कळलं की निम्मं काम झालं असं आपल्याला वाटतं. इथे नाव हे वर्णनच होतं, कारण त्यात नव्हतं. पुढे समजलं, की या एका नावाखाली चारशेहून अधिक वेगवेगळ्या अवस्था येतात. काहींत मज्जातंतूंचा दोष असतो, काहींत स्नायूंचा, काहींत मेंदूचा. काही आनुवंशिक, काही अजिबात नाहीत. त्यातली आपली कोणती, हे ठरल्याशिवाय पुढचा एकही प्रश्न सुटत नाही. मूल चालेल का, बुद्धी कशी असेल, पुढचं मूल असंच होईल का, यांपैकी कशाचंच उत्तर देता येत नाही.

मिरजेतल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी बाळाला दुपट्यातून हळूच बाहेर घेतलं, प्रत्येक सांधा बोटानं चाचपला आणि म्हणाले, "मी हे पुस्तकात वाचलंय. शिकत असताना एकदा लांबून पाहिलं होतं. उपचार केलेला नाही. तुम्ही उपचार केलेल्या माणसाकडे जा, आणि वाट बघू नका, पहिले महिने महत्त्वाचे आहेत." त्यांनी फी घेतली नाही. पुढच्या काही वर्षांत अनेक डॉक्टर भेटले, पण आपण काय केलेलं नाही हे इतक्या सरळपणे सांगणारे थोडे. त्या एका वाक्यानं आमचे किती महिने वाचवले, ते इतर घरांच्या हकिगती ऐकल्यावर कळलं.

नात्यागोत्यातून नावं येऊ लागली. प्रत्येकाच्या ओळखीत एक मोठा डॉक्टर असतो. कुणाच्या सासूचे गुडघे बदलणारा, कुणाच्या मेव्हण्याचा मणका बसवणारा, परदेशातून शिकून आलेला, ज्याच्याकडे महिनामहिना नंबर लागत नाही असा. यांतला एकही माणूस लहान नव्हता. पण गुडघे बदलण्याच्या हजार शस्त्रक्रिया केलेल्या हातांना आखडलेल्या कोपराचं चार महिन्यांचं बाळ नवंच असतं. आम्हाला हवा होता तो हे पाहिलेला डॉक्टर. तो कुठे राहतो हे सांगणारं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं.

हा आजार दुर्मिळ म्हणतात, पण त्याचा हिशेब मांडून पाहिला की वेगळंच चित्र दिसतं. जगभर साधारण तीन हजार जन्मांमागे एका मुलाचे सांधे असे आखडलेले असतात. महाराष्ट्रात वर्षाला अठरा-एकोणीस लाख मुलं जन्मतात. म्हणजे सहाशेच्या आसपास मुलं दरवर्षी, आपल्याच राज्यात. त्यातला सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार अमायोप्लेशिया. तो दहा हजारांत एक धरला, तरी दरवर्षी पावणेदोनशे-दोनशे घरांत असं बाळ येतं. ही संख्या लहान नाही. पण ती इतकी विखुरलेली आहे, की तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षं प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांच्या वाट्याला एखाददुसरंच मूल येतं. त्यांनी त्या एका मुलावर जे केलं त्याचं काय झालं, हे कळायला पंधरा वर्षं जातात, आणि तोवर ते कुटुंब कुठल्या कुठे गेलेलं असतं. दुर्मिळ आजाराचं दुर्मिळपण माझ्या मते या विखुरण्यात आहे. सहाशे मुलं सहाशे गावांत, आणि प्रत्येक गावचा डॉक्टर पहिल्यांदाच पाहतोय.

अशा डॉक्टरांचा पत्ता अखेर एका फिजिओथेरपिस्टकडून मिळाला, मुंबईतल्या परळचा. परळचा तो भाग मला तोवर फक्त टाटा रुग्णालयामुळे माहीत होता. तिथे केईएम, वाडिया, टाटा अशी रुग्णालयं इतकी जवळजवळ आहेत, की फुटपाथवर बसलेल्या माणसांच्या हातातल्या फायलींवरून कोण कुठे निघालंय हे ओळखता यावं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून आम्ही पहाटे उतरलो, आणि लहान मुलांच्या हाडांच्या ओपीडीत केसपेपर काढून बसलो. ती ओपीडी चालवणाऱ्या सर्जनना तिथे सगळे मॅडम म्हणत. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही.

मॅडमनी बाळाला टेबलावर घेतलं आणि आधी कपाळाकडे पाहिलं. आम्ही हातपाय दाखवायला दुपटं सोडत होतो, आणि त्या भुवयांवरच्या तांबड्या डागाकडे पाहत होत्या. मग चारही हातपाय सारखेच आखडलेत का ते पाहिलं, पाठ पाहिली, बाळाच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, बाळ नजर फिरवतंय, हसतंय हे पाहिलं. म्हणाल्या, अमायोप्लेशिया दिसतोय. असा डाग यातल्या पुष्कळ मुलांच्या कपाळावर असतो, हळूहळू फिका होतो. मेंदूला काही धोका दिसत नाही. ही मुलं हुशार असतात. आनुवंशिक नाही, पण खात्रीसाठी जनुकतज्ज्ञांना दाखवून घेऊ.

आमच्या आईनं ज्याला देवीचं कुंकू म्हटलं होतं, तीच निदानाची पहिली खूण होती. पुस्तकात ती असतेच. पण वीस लक्षणांच्या यादीत कुठेतरी खाली. आधी तिथे पाहायचं हे ज्यांनी अशी मुलं एकामागून एक टेबलावर घेतलीत त्यांनाच सुचतं. अनुभव म्हणजे काय, हे मला त्या मिनिटाला डोळ्यांनी दिसलं.

मग मॅडम बहिणीकडे वळल्या. बहीण तोवर एक शब्द बोलली नव्हती. तिच्या गरोदरपणात ग्रहण आलं होतं, आणि त्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती, विळीवर भाजी चिरत होती, हे सासरी सगळ्यांना आठवत होतं. जतच्या त्या घरात कुणी दुष्ट नव्हतं. सासूबाई नातीला मांडीवरून खाली ठेवत नव्हत्या. पण ग्रहणात चिरलं की बाळाला वैगुण्य येतं हे त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं होतं, आणि ते त्या रडत रडत बोलून गेल्या होत्या. बहिणीनं ते मनात धरलं होतं. मॅडमना हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, "घरी कुणी ग्रहणाबद्दल बोललं का?" बहिणीनं मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "हा प्रकार एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांमध्ये जास्त दिसतो. आणि त्या जुळ्यांतही एकालाच होतो, दुसरं धडधाकट असतं. आई एक, पोट एक, खाणं एक, ग्रहणही एकच. आता सांगा, आईनं काय चुकवलं असेल?"

बहीण तिथे पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. मला वाटतं तिच्यावरचा उपचार तिथेच झाला, मुलीचा सुरू होण्याआधी.

सांधे असे का होतात, तेही मॅडमनीच समजावलं. गर्भात सांधे तयार होतात ते नीटच. आठव्या आठवड्याच्या आसपास गर्भ हालचाल करू लागतो, आणि सांध्याचं पुढचं घडणं त्या हालचालीवर अवलंबून असतं. काही कारणानं हालचाल कमी झाली, की सांध्याभोवतीचं आवरण जाड आणि घट्ट होत जातं, स्नायूंच्या जागी चरबी आणि तंतू येतात. वर्षानुवर्षं न उघडलेल्या दाराची बिजागरी जशी धरते, तसा सांधा धरतो. सोनोग्राफीत हे दिसायला हवं असं वाटतं, पण आईला बाळाची हालचाल कमी जाणवली तरी ती कुणाला सांगतेच असं नाही, पहिलटकरणीला तर कमी म्हणजे किती तेच ठाऊक नसतं; आणि तपासणारा हाडांची लांबी मोजतो, सांधा हलतोय का याची वाट पाहत थांबत नाही. व्हँकुव्हरच्या जनुकतज्ज्ञ जुडिथ हॉल यांच्या सहभागानं झालेल्या एका अभ्यासात दर चारपैकी तीन मुलांचं निदान जन्माआधी झालंच नव्हतं.

जुडिथ हॉल यांचं नाव या आजाराच्या संदर्भात पुन्हापुन्हा येतं. १८४१ मध्ये ओटो या जर्मन डॉक्टरांनी असं एक बाळ वर्णन करून ठेवलं, १९२३ मध्ये स्टर्न यांनी आजचं लांबलचक नाव दिलं. पण या नावाखाली एकत्र कोंबलेल्या मुलांना वेगवेगळं ओळखायला शिकवलं ते हॉल यांनी. अमायोप्लेशियाचं त्यांचं सविस्तर वर्णन १९८३ मधलं. त्यांनी काय केलं? जगभरातून येणाऱ्या मुलांच्या नोंदी, फोटो, घराण्याचे इतिहास दशकानुदशकं गोळा केले आणि ती मुलं मोठी होताना पाहिली. या बाबतीत ज्ञान दुसऱ्या कुठल्या वाटेनं येतच नाही.

मिरजेत परतल्यावर पहिला प्रसंग उभा राहिला तो तेल लावणाऱ्या मावशींचा. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी बाई येते. पायांवर बाळाला उताणं घेऊन ती तेल जिरवते, मग हातपाय ताणते, उलटसुलट दुमडते. या मावशींनी गल्लीतली तीन पिढ्यांची मुलं वाढवलेली. "आणा, महिनाभरात मोकळे करते सांधे," असं त्या विश्वासानं म्हणाल्या. मॅडमनी नेमकं याबद्दल बजावलं होतं. या मुलांची हाडं न हललेल्या सांध्यांमुळे नाजूक असतात. काही बाळांची मांडी किंवा दंड जन्मतानाच मोडलेला असतो. जोर लावला तर सांधा वाकणार नाही, हाड मोडेल. फिजिओथेरपिस्टनी बहिणीला शिकवलं ते वेगळं: सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटं कुठे धरायची, किती हळू न्यायचं, टोकाला किती वेळ थांबायचं, बाळाच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचं. दर लंगोट बदलताना हे करायचं, म्हणजे दिवसभर ते होत राहतं. मावशी शेजारी बसून पाहत राहिल्या आणि आठवड्याभरात बहिणीपेक्षा बेतानं करू लागल्या. त्यांच्या हातांना समज होतीच, कुणीतरी समजावायला हवं होतं.

पावलांचं काम प्लास्टरनं सुरू झालं. जन्मतः वाकड्या पावलांवर आज जगभर चालते ती पद्धत आयोवातल्या इग्नासिओ पॉन्सेटी यांची. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं फिरवून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, शेवटी टाचेमागची शीर एका छोट्या छेदानं सैल करायची आणि मग मूल चार वर्षांचं होईपर्यंत रात्री पट्टीला जोडलेले बूट घालायचे. साध्या वाकड्या पायाला सहसा पाच-सहा प्लास्टर पुरतात. आर्थ्रोग्रायपोसिसच्या पावलाला तेवढ्यात काही होत नाही. ते कडक असतं, पुन्हापुन्हा उलटतं. पूर्वी घोट्यातलं एक हाडच काढून टाकत. आता जाणते डॉक्टर आधी चिकाटीनं प्लास्टर घालून पाहतात, पद्धत या मुलांसाठी थोडी बदलून घेतात, आणि पाऊल उलटलं की न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. आमच्या भाचीचं पाऊल उलटलं तेव्हा मला वाटलं सगळं वाया गेलं. मॅडमनी कागदावर तारीख टाकली आणि म्हणाल्या, "हे धरलेलंच होतं."

मध्यंतरी घरच्यांच्या आग्रहाखातर आम्ही दुसऱ्या एका नावाजलेल्या सर्जनांचं मत घेतलं. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि एकाच बैठकीत मनगटं, कोपरं, पाय सगळं सरळ करून देतो म्हणाले. वाक्य ऐकायला गोड होतं. सासूबाईंचा चेहरा उजळला. पण त्या सर्जनांनी एकदाही विचारलं नाही, की ही मुलगी आत्ता या हातांनी काय करते.

मॅडमच्या ओपीडीत हाच प्रश्न पहिला असायचा. दीड वर्षाच्या भाचीला त्या चटईवर सोडून देत, समोर एक चेंडू, एक बिस्किट, एक झाकणाचा डबा ठेवत, आणि गर्दी असतानाही पाहत बसत. ती दोन्ही मनगटांच्या पाठी एकमेकींवर दाबून चेंडू उचलायची. बिस्किटापर्यंत तोंड न्यायची. डब्याचं झाकण हनुवटीनं आणि पायाच्या अंगठ्यानं उघडायची. तिनं स्वतःच शोधून काढलेल्या या युक्त्या होत्या. मॅडम म्हणायच्या, "मुडपलेलं मनगट तिचा चिमटा आहे. ते सरळ केलं आणि बोटांत ताकद नसली, तर दिसायला हात चांगला आणि उपयोगाला गेला. हिचं पकडणं कसं बसतंय ते आधी दिसू दे."

कोपराचं मात्र त्यांनी थांबू दिलं नाही. दंडातला वाकवणारा स्नायूच नसतो अशा मुलांत. तरी मागची आखडलेली शीर लांबवून आणि सांध्यामागचं आवरण मोकळं करून कोपर दुसऱ्या कशाच्या तरी आधारानं वाकेल इतकं करता येतं. मग मूल टेबलाच्या कडेला हात टेकवून, अंग पुढे झुकवून, तोच हात तोंडापर्यंत नेतं. भाचीच्या एका हाताचं हे ऑपरेशन झालं. एकाच, दुसऱ्याचं मुद्दाम नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत जुना नियम आहे, की एक हात तोंडापर्यंत पोचेल असा ठेवावा आणि दुसरा शौचाच्या स्वच्छतेसाठी. आता तिकडे तो सगळे मानतात असं नाही, कारण तिकडे साधनं आहेत. आपल्या घरांत, जिथे जेवण हातानं आणि धुणंही हातानं, तिथे या नियमाला फार वेगळं वजन आहे. आणि आमच्याकडे उजव्या हातानं जेवायचं असतं! मॅडमनी हे बहिणीला आधी विचारलं, सासूबाईंनाही विचारलं, आणि मुलगी कुठला हात आपणहून पुढे करते तेही पाहिलं. ती डावा करायची. सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "डावा तर डावा. स्वतःच्या हातानं खाऊ दे." आज ती डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून खाते, मोडायला दातांची मदत घेते.

असा डॉक्टर एकटा पुरत नाही, हेही हळूहळू कळलं. भूल देणारे डॉक्टर हे पाहिलेले लागतात. या मुलांची शीर पटकन सापडत नाही, काहींचा जबडा पूर्ण उघडत नाही, श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं. फिजिओथेरपिस्ट लागतात, हाताचं काम शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतात. आणि लागतो स्प्लिंट आणि कॅलिपर बनवणारा कारागीर. मी त्याला मुद्दाम कारागीर म्हणते. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी, जी १९५५ पासून उभी आहे, या कामाची खरी परंपरा आहे. मूल दर काही महिन्यांनी वाढतं, स्प्लिंट टोचू लागतं, टोचलं की मूल ते फेकून देतं आणि मग कुठल्याही सर्जननं मिळवलेली हालचाल निसटते. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसानं कडेला थोडं घासून दिलं तर मुंबईची खेप वाचते. मिरजेत आम्हाला असा एक माणूस सापडला. त्याला आजाराचं नाव उच्चारता येत नाही. पण कुठल्या जागी दाब पडतोय हे तो चामड्यावरच्या डागावरून सांगतो.

ओपीडीच्या व्हरांड्यात आम्ही इतरांना भेटलो. परभणीकडचा एक मुलगा, गुडघे वाकलेलेच, आजोबा त्याला खांद्यावर घेऊन आलेले. त्याच्या मांडीच्या हाडाला पुढच्या बाजूनं छोट्या पट्ट्या बसवल्या होत्या. हाड पुढून वाढायचं थांबतं, मागून वाढत राहतं आणि गुडघा महिन्यामहिन्यानं सरळ होत जातो. वाढत्या वयाचाच उपयोग करून घ्यायचा ही कल्पना मला फार आवडली. डहाणूकडची एक बाई होती, तिच्या मुलीला अंगणवाडीतल्या तपासणीत शोधून पाठवलं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला; त्याच्या यादीत वाकडी पावलं आणि जन्मतः निखळलेला खुबा हे दोन्ही आहेत. आर्थ्रोग्रायपोसिसच्या पुष्कळ मुलांत या दोन्ही गोष्टी असतात, त्यामुळे यादीत या आजाराचं नाव न शोधताही मूल त्या दारातून आत येऊ शकतं. पण अंगणवाडीताईनं पाठवल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या डॉक्टरांना पुढचा पत्ता माहीत हवा. तिथे ही साखळी तुटते.

व्हरांड्यातच मला सगळ्यांत महत्त्वाचं काही कळलं असेल तर ते हे. एकदा मी मॅडमना विचारलं, तुम्ही हे शिकलात कुठे? त्या म्हणाल्या, "जी मुलं परत आली त्यांच्याकडून. ऑपरेशन करून घरी गेलेलं मूल परत आलंच नाही, तर मला वाटतं माझं ऑपरेशन छान झालं. परत आलं, की कळतं दहाव्या वर्षी काय राहिलं आणि काय गेलं. न आलेल्या मुलांकडून मी काहीच शिकले नाही."

तेव्हापासून मी या गोष्टीकडे उलट्या बाजूनं पाहते. आपण अनुभवी डॉक्टर शोधतो, जणू तो कुठेतरी तयार होऊन बसलाय. पण दुर्मिळ आजारातला अनुभव रुग्ण परत येण्यातून साठतो, आणि रुग्ण परत येणं हे एसटीच्या आणि रेल्वेच्या भाड्यावर, बुडालेल्या मजुरीवर, घरी दुसऱ्या मुलाला कोण सांभाळणार यावर ठरतं. परभणीच्या आजोबांनी खेप चुकवली, की त्यांच्या नातवाचं तर नुकसान होतंच, शिवाय त्याच्यानंतर जन्मणाऱ्या, अजून कुणाला ठाऊक नसलेल्या मुलाच्या डॉक्टरांचं शिकणंही तेवढं कमी होतं. फुकट ऑपरेशनसाठी आपल्याकडे महात्मा फुले योजना आहे, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांनी कित्येकांची कागदपत्रं धावपळ करून पूर्ण केलेली मी पाहिलीत. पाचव्या, आठव्या, बाराव्या वर्षी नुसतं दाखवायला येण्याचा खर्च मात्र ज्याचा त्यानं पाहायचा. मला तो खर्च सार्वजनिक वाटतो. त्यातून जे ज्ञान तयार होतं ते सगळ्यांचं आहे.

सेंट पीटर्सबर्गच्या टर्नर संस्थेत या एका आजारासाठी वेगळा विभाग आहे. मॉन्ट्रियलच्या श्रायनर्स रुग्णालयात या मुलांची नोंदवही ठेवली जाते. आपल्या राज्यातल्या दोन-तीन ठिकाणी ही मुलं ठरवून एकत्र पाहिली, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि जिल्ह्याजिल्ह्याला तो पत्ता कळवला, तर दहा वर्षांत इथे जो अनुभव साठेल तो जगात थोड्या ठिकाणी असेल. मुलं आपल्याकडे आहेत. कसबी हातही आहेत. मुलं आणि हात एकमेकांना वेळेवर भेटत नाहीत, एवढंच.

आता आम्हालाही फोन येतात. मॅडमच्या ओपीडीतून, नाहीतर मिरजेच्या त्या हाडांच्या डॉक्टरांकडून कुणीतरी बहिणीचा नंबर दिलेला असतो. मध्यंतरी आटपाडीकडच्या एका बाईंचा आला. बाळ आठवड्याचं, आणि तिकडे कुणीतरी म्हणालं होतं, वर्षाचं झालं की या. बहीण आधी विचारते, बाळ दूध ओढतं का, नजर देतं का. मग सांगते, तेल लावा पण ओढू देऊ नका. मग विचारायचे प्रश्न सांगते: अशी किती मुलं तुम्ही पाहिलीत, त्यातली कोणी आता मोठी झालीत का, त्यांच्या घरच्यांशी बोलता येईल का. एखादे डॉक्टर या प्रश्नांवर चिडतात. खरं पाहिलेला डॉक्टर चिडत नाही, तो खुर्ची पुढे ओढतो. ग्रहणाचं मात्र बहीण स्वतःहून काढते, समोरच्या बाईनं काढायची वाट पाहत नाही.

भाची चौथीत आहे. दोन्ही पायांत कॅलिपर घालून ती वर्गात जाते, दूर जायचं असलं की चाकाची खुर्ची. लिहिते ती डाव्या मनगटाच्या घडीत पेन्सिल अडकवून, उजव्यानं ती दाबून धरून. अक्षर तिरकं आहे, वेग इतर मुलांइतका. ल्यूका पटुएली हा कॅनडाचा नर्तक याच आजारासह जन्मला. कुबड्यांवर तोल पेलत तो नाचतो, २०१० च्या व्हँकुव्हर पॅरालिम्पिकच्या उद्‌घाटनात नाचला. त्याची चित्रफीत तिनं इतक्यांदा पाहिलीय की आता कुबड्या पाहिजेत म्हणून मागे लागलीय. खांद्यांत तेवढी ताकद येईल का, हे मॅडमना विचारायचं आहे.

मनगटाच्या ऑपरेशनचा विषय गेल्या खेपेला निघाला. हाडाची एक पाचर काढून मनगट थोडं वर आणता येतं, वयही योग्य आहे. मॅडमनी बहिणीला न विचारता भाचीला विचारलं. ती म्हणाली, सरळ केलं तर माझी पेन्सिल कुठे राहील? मॅडमनी तिला लिहून दाखवायला सांगितलं, बराच वेळ पाहिलं, आणि फाईलवर लिहिलं: आत्ता नको, वयाच्या बाराव्या वर्षानंतर पुन्हा विचार.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. या वेळी जुनी फाईल, पहिल्या आठवड्यातल्या फोटोंसकट, न्यायची आहे. मॅडमच्या हाताखाली शिकणारे नवे डॉक्टर त्या दिवशी बसणार आहेत आणि भाचीनं त्यांच्यासमोर बोलायचं कबूल केलंय. "मावशी, मी त्यांना चेंडू उचलून दाखवणार," ती म्हणाली, "मग कोपराचं ऑपरेशन झाल्यावर कुठे दुखलं ते सांगणार, आणि मनगट का नको ते लिहून दाखवणार. त्यांना काही विचारायचं असलं तर विचारू देत."